डोंगरातल्या आडवाटेच्या तलावापर्यंत एका दिवसाचे पदभ्रमण: परतीच्या वेळेपासून सुरू होणारी आखणी

नागपूरहून सकाळी निघायचे, डोंगराच्या खोलगटातला एखादा निवांत तलाव पायी गाठायचा, काठावर शिदोरी सोडायची आणि दिवस मावळण्यापूर्वी परतायचे, हा बेत दिसायला अगदी साधा आहे. तरीही तो अनेकांचा बिघडतो आणि बहुतेक वेळा परतीच्या वाटेवरच बिघडतो. याचे कारण तलावाच्या जागेतच दडलेले असते. चहूकडच्या गावांतली गुरे पाण्यावर येतात, त्यामुळे जाताना सगळ्या ढोरवाटा एकमेकींत मिसळत पाण्याकडे जातात आणि एखादा फाटा चुकला तरी माणूस अखेर तलावावरच पोहोचतो. परतताना त्याच वाटा फांद्यांसारख्या फुटत जातात आणि प्रत्येक फाटा वेगळ्याच गावाच्या रानात नेऊन सोडतो. शिवाय शिखरावरून परतताना मागे वळून पाहिले तर ते बराच वेळ दिसत राहते. तलाव एक उंचवटा ओलांडला की नाहीसा होतो आणि दिशा पडताळून पाहायला मागे काही उरत नाही.

म्हणून खाली दिलेले टप्पे जाण्याच्या नव्हे, तर परतण्याच्या सोयीने रचले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १: तलावाची निवड

या टप्प्याला लोक सर्वांत कमी वेळ देतात आणि सर्वांत मोठी चूक येथेच होते. मोबाइलवरच्या उपग्रहचित्रात हिरव्या डोंगरांमधला निळा ठिपका दिसतो, जवळपर्यंत रस्ता दिसतो आणि बेत ठरतो. परंतु नागपूरच्या भोवती जवळजवळ सर्व दिशांना वाघांचे जंगल आहे. उत्तरेला पेंच, नैर्ऋत्येला बोर, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, दक्षिणेला ताडोबा-अंधारी आणि पूर्वेला नवेगाव-नागझिरा असे हे कडे आहे. यांपैकी कोणत्याही व्याघ्रप्रकल्पात किंवा अभयारण्यात मनास येईल तसे पायी शिरता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तेथे प्रवेशासाठी परवानगी लागते. राखीव वनातही विनापरवानगी जाणे भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा ठरू शकते.

नागभीड तालुक्यातला घोडाझरी तलाव हे याचे चांगले उदाहरण आहे. टेकड्यांनी वेढलेले ते विस्तीर्ण पाणी पाहून कोणालाही काठाकाठाने चालत जावेसे वाटते. मात्र त्या परिसराला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे आणि लगतच्या ब्रह्मपुरी वनविभागात वाघ व माणूस यांचा संघर्ष राज्यात सर्वाधिक तीव्र असलेल्या भागांत मोडतो. तेथे पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या जागेतून तलाव पाहावा, रानातून आडवाटेने जाऊ नये. नवेगावबांधच्या तलावालाही हेच लागू आहे. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यातली तळी सुंदर आहेत. पण चिखलदरा नागपूरहून सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात आहे, वरपर्यंत घाटरस्ता आहे, आणि एका दिवसात जाऊन-येऊन किल्ला पायी फिरण्याचा हट्ट धरणाऱ्यांची खरी परीक्षा रात्रीच्या घाटात होते. तेथे मुक्कामानेच जावे.

निवड करताना पुढील क्रम पाळावा. प्रथम तलाव कोणाच्या हद्दीत आहे ते शोधावे: महसूल, पाटबंधारे, ग्रामपंचायत, प्रादेशिक वनविभाग की वन्यजीव विभाग. विदर्भात झुडपी जंगल नावाचा, खुरट्या झुडपांचा तरीही वन मानला जाणारा, जमिनीचा एक वेगळाच प्रकार आहे, त्यामुळे केवळ झाडोरा विरळ दिसतो म्हणून जमीन मोकळी आहे असे समजू नये. जागा वनाच्या हद्दीत असेल तर त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकारी कार्यालयात जाऊन परवानगी मिळते का, हे विचारावे आणि मिळाल्यास ती लेखी घ्यावी. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी होत नाही. आठवडाभर आधी सुरू करावे. नकार मिळाला तर दुसरा तलाव निवडावा. चौकीवरच्या वनरक्षकाला सकाळी गळ घालून आत शिरणे हा मार्ग नव्हे; त्यात त्या माणसाची नोकरीही आपण धोक्यात घालतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सरावासाठी रामटेक घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नागपूरहून सुमारे पन्नास किलोमीटर अंतर, टेकड्यांच्या कुशीतला अंबाळा तलाव आणि तेथून गडमंदिराकडे चढणाऱ्या जुन्या पायऱ्या, एवढ्यात चढ-उतार, पाण्याचा काठ आणि वेळेचा हिशेब या तिन्हींचा अंदाज येतो. अंबाळा एकांताचा नाही, उलट घाटावर धार्मिक विधी चालू असतात आणि तेथे शांतपणेच वावरावे. पण आपल्या गटाचा खरा वेग किती, हे तेथे सुरक्षितपणे कळते. (माकडांपासून डबा मात्र सांभाळावा.)

*इशारा:* "मागच्या वर्षी आमच्या ओळखीचे लोक गेले होते" हा परवानगीचा पुरावा नव्हे.

टप्पा २: ऋतू आणि दिवस

नागपूरच्या परिसरात मध्य ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच या पदभ्रमणाचा काळ आहे. मार्चच्या मध्यानंतर ऊन चालण्याजोगे राहत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि तोवर लहान तलाव आणि बोड्या आटून तळाला भेगाही पडलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात, ती खायला अस्वले येतात आणि पहाटे फुले वेचणाऱ्या गावकऱ्यांवरही हल्ले होतात. पावसाळ्यात नाले तासाभरात भरतात, वीज पडण्याचा धोका असतो आणि काळ्या मातीची पांदण गाडीला धरून ठेवते.

हिवाळ्यालाही खोट आहे. ऑक्टोबरमध्ये गवत छातीएवढे असते आणि त्यात वाट दिसत नाही, म्हणून नवख्यांनी दिवाळीनंतरच निघावे. डिसेंबर ते फेब्रुवारीत बोरे पिकतात आणि अस्वलांना ती आवडतात. बोरीच्या झुडपांच्या दाट पट्ट्यातून जाताना गप्पा मारत, आवाज करत जावे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहावा. विजांची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असावे. अवकाळी पावसाचा इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल तरीही ढकलावा, कारण आभाळ उघडले म्हणून माती वाळत नाही.

टप्पा ३: नकाशा आणि गावातली विचारपूस

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. त्यावर दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचे अंतर असते. वाटेवरच्या रेषा मोजल्या की एकूण चढ कळतो. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील तेथे उभा चढ आहे. मोबाइलमधला नकाशाही इंटरनेटशिवाय चालेल अशा रीतीने उतरवून ठेवावा आणि घरीच मोबाइल विमान-मोडवर टाकून तो उघडतो का, ते पाहावे. ही तपासणी वाटेवर करण्यात अर्थ नाही.

नकाशा वाट दाखवतो, पण ती आज चालू आहे की नाही, हे गावच सांगते. येथे प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. "तलाव किती दूर आहे?" असे विचारले की "हे काय, इथंच आहे" असेच उत्तर येते, आणि ते खोटेही नसते, रोज जाणाऱ्याला ते जवळच असते. त्याऐवजी गुराख्याला विचारावे, "भाऊ, ढोरं घेऊन किती वाजता निघता अन् पाण्यावर किती वाजता पोहोचता?" मिळालेल्या वेळेत गुरांचे चरणे धरलेले असते, त्यामुळे ती आपल्या चालीच्या जवळ जाते. पुढे आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: या आठवड्यात वाघ, बिबट किंवा अस्वल कोणी पाहिले काय, वाटेत आग्या मोहोळ कोठे आहे, आणि शेतांना तारा कोठे लावल्या आहेत.

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणात बेकायदा थेट वीजप्रवाह सोडला जातो आणि त्यात माणसेही दगावली आहेत. सौर कुंपणाचा झटका सहसा जीवघेणा नसतो, पण दुरून दोन्ही तारा सारख्याच दिसतात. म्हणून शेतातून जवळची वाट काढू नये, पांदण सोडू नये आणि अंधारात तर कोणत्याही तारेजवळ जाऊ नये.

गावातून निघण्यापूर्वी पोलीस पाटलांना किंवा रस्त्यालगतच्या घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाला किती जण चाललो आहोत आणि किती वाजता परतणार, ते सांगावे. परतल्यावर त्यांना भेटून जाणे हाही याच कामाचा भाग आहे. ते न केल्यास ती माणसे रात्री विनाकारण शोधायला निघतात आणि पुढच्या वेळी कोणाचेच मनावर घेत नाहीत.

टप्पा ४: वेळेचा उलटा हिशेब

येथे कागद घेऊन बसावे. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. डोंगराच्या सावलीत आणि झाडीखाली त्याआधीच अंधारून येते, आणि संध्याकाळ हीच वन्यप्राण्यांच्या हालचालीची वेळ असते. म्हणून गाडीपाशी पोहोचण्याची अखेरची वेळ साडेचार धरावी. त्यापासून मागे मोजत यावे.

समजा, तलाव गावापासून सहा किलोमीटर आत आहे आणि एकूण चढ अडीचशे मीटर आहे. आपल्याकडच्या खडकाळ, काटेरी वाटेवर मिश्र गटाचा वेग ताशी तीन किलोमीटरच्या पुढे धरू नये. प्रत्येक शंभर मीटर चढासाठी दहा मिनिटे वाढवावीत. जाताना दोन तास चालणे, पंचवीस मिनिटे चढाची आणि पस्तीस मिनिटे विश्रांतीची, असे तीन तास होतात. परतताना दोन तास चालणे आणि अर्धा तास थांबणे, असे अडीच तास लागतात. त्यावर एक तास राखीव ठेवावा: पाय मुरगळणे, चुकलेला फाटा, बुटाचा सुटलेला तळवा यांसाठी. साडेचारमधून साडेतीन तास वजा केले की तलाव सोडण्याची वेळ दुपारी एक निघते. काठावर दीड तास हवा असेल तर साडेअकराला पोहोचले पाहिजे, म्हणजे गावातून साडेआठला पाऊल उचलले पाहिजे. विचारपूस आणि गाडी लावण्यासाठी अर्धा तास, सत्तर किलोमीटरच्या रस्त्याला दोन तास. म्हणजे नागपूर सकाळी सहाला सोडायचे.

या हिशेबातला दुपारचा एक वाजणे हा आकडा पक्का समजावा. गट उशिरा पोहोचला तर काठावरचा वेळ कमी होईल, परतीचा नाही. एक वाजला आणि तलाव अजून आला नसेल, तर जेथे असू तेथून पाठ फिरवावी, मग समोरच्या झाडांतून पाणी चमकताना दिसत असले तरी चालेल. हा निर्णय वाटेत चर्चेने घेता येत नाही, कारण त्या क्षणी सगळ्यांनाच पुढे जायचे असते. तो आदल्या दिवशी ठरवून सर्वांना सांगावा आणि गटातल्या एकाच व्यक्तीकडे घड्याळ सोपवावे.

मी स्वतः हा नियम एकदा मोडला आहे. काठावर चाळीस मिनिटे अधिक बसलो आणि शेवटचा नाला आम्ही मोबाइलच्या उजेडात ओलांडला. बरोबर दोन लहान मुले होती. त्या नाल्यात पलीकडे काहीतरी जोरात पळाल्याचा आवाज झाला तेव्हा मुलांनी माझा हात किती घट्ट धरला होता, ते मी विसरलेलो नाही. ती चाळीस मिनिटे आम्ही काय करत होतो, ते मात्र मला आठवत नाही.

*तपासणी:* नागपूर सोडण्याची, गावातून पाऊल उचलण्याची, तलाव सोडण्याची आणि गाडीपाशी पोहोचण्याची, अशा चार वेळा कागदावर लिहून एक प्रत घरी द्यावी. सायंकाळी साडेसहापर्यंत आपला फोन न आल्यास कोणाला कळवायचे, तेही त्यावर लिहावे. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी १९२६ हे क्रमांक कागदावरच असू द्यावेत. मोबाइल बंद पडला की त्यातले क्रमांकही जातात. एसटीने जाणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या नव्हे, तर त्याच्या आधीच्या बसची वेळ हिशेबात धरावी.

टप्पा ५: गट आणि सामान

गट चारपेक्षा लहान नसावा: एक जण जखमी झाला तर एकाला त्याच्याजवळ बसता यावे आणि दोघांना मदतीसाठी जाता यावे. दहापेक्षा मोठाही नसावा, कारण मग वेग सर्वांत मंद माणसाच्याही खाली जातो.

पाणी प्रत्येकी तीन ते चार लिटर न्यावे आणि आणखी दोन-चार बाटल्या गाडीत ठेवाव्यात. तलावाचे पाणी प्यायला मिळेल, ही समजूत सोडून द्यावी. त्यात गुरे बसतात आणि कधी पृष्ठभागावर हिरवट साय धरलेले विषारी शेवाळही असते, जे उकळूनही निर्धोक होत नाही. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे, अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण चालते.

पायात खाचा असलेल्या तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले बूट हवेत. कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. जुने असतील तर तळवा सुटत आलेला नाही ना, हे हाताने वाकवून पाहावे. पॅण्ट पायघोळ आणि मोजे लांब असावेत, कारण नोव्हेंबरनंतरचे कुसळ मोज्यांतून थेट कातडीत शिरते. सुती दुपट्टा प्रत्येकाकडे असावा: तो उन्हात डोक्याला, मधमाश्या आल्यास तोंडाला आणि हात मोडल्यास झोळीला लागतो.

गटात मिळून पंधरा मीटर दोर, शिटी, दोन बॅटऱ्या, चार्ज केलेली पॉवर बँक, रुंद ताणपट्ट्या आणि जखमेचे साहित्य एवढे असावे. गाडीची दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाच्या खिशात असावी. खाण्यासाठी दशम्या, ठेचा, गूळ-शेंगदाणे यांसारखे न विटणारे पदार्थ बरे. संत्री अवश्य न्यावीत, पण त्यांची साले आणि बियाही परत आणाव्यात. अत्तर आणि उग्र वासाचे तेल त्या दिवशी लावू नये.

टप्पा ६: जाण्याची वाट

गाडी गावातच, परतीच्या दिशेला तोंड करून आणि बैलगाड्यांना अडचण होणार नाही अशी लावावी. सूर्य चांगला वर आल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नये.

वाट ओळखणारा एक जण पुढे आणि एक अनुभवी माणूस सर्वांच्या मागे, ही रचना दिवसभर मोडू नये. मागच्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यायचे नाही, लघुशंकेसाठीसुद्धा. थांबणाऱ्यासाठी गट थांबतो. प्रत्येक फाट्यावर पुढील तीन गोष्टी याच क्रमाने कराव्यात:

१. सर्वांना एकत्र आणून डोकी मोजावीत.
२. पुढे जाण्यापूर्वी मागे वळून, आलेल्या वाटेचा फोटो काढावा, म्हणजे परतताना जे दृश्य समोर असेल तेच चित्रात राहील.
३. फाट्याची खूण आणि वेळ वहीत लिहावी: "तेंदूच्या झुडपांजवळ, मोठा पांढरा दगड, उजवीकडून आलो, ९:२०".

यांतला दुसरा मुद्दा या लेखातला सर्वांत उपयोगी आहे. बहुतेक लोक समोरच्या वाटेचा फोटो काढतात, आणि परतताना तो निरुपयोगी ठरतो, कारण तीच जागा उलट बाजूने ओळखू येत नाही. झाडांना रंग किंवा प्लास्टिकच्या फिती लावण्याची यामुळे गरजही उरत नाही.

आग्या मोहोळ दिसल्यास आवाज, धूर आणि हातवारे न करता दूरून वळसा घ्यावा. माश्या अंगावर आल्याच तर दुपट्ट्याने तोंड झाकून सरळ, थांबल्याविना पळावे. पाण्यात उडी मारू नये; माश्या वर घोंघावत राहतात आणि माणूस घाबरून बुडतो. अस्वल दिसले तर धावू नये, पाठ न दाखवता एकत्र राहून हळूहळू मागे सरकावे. पिल्ले दिसली तर आई जवळच आहे असे समजून आल्या पावली परतावे. वाटेवर वाघाचा ताजा माग किंवा ओढत नेलेल्या शिकारीची खूण दिसली, तर त्या दिवसाचे पदभ्रमण तेथेच संपले.

टप्पा ७: तलावाच्या काठावर

पाणी दिसताच सर्व जण धावतात आणि आपण काठावर नेमके कोठून आलो, ते विसरतात. म्हणून काठावर टेकण्यापूर्वी उभे राहून मागे वळावे, वाट झाडीतून जेथे बाहेर आली ती जागा एखाद्या ठळक झाडाशी किंवा खडकाशी जोडून लक्षात ठेवावी, फोटो काढावा आणि मगच पाठीवरचे ओझे उतरवावे. काठाने फेरी मारायची असेल तर जाताना पाणी डाव्या हाताला आणि येताना उजव्या हाताला, एवढे ध्यानात ठेवावे. पूर्ण वळसा घालण्याचा प्रयत्न करू नये. पलीकडच्या टोकाला दलदल आणि बेशरमीची झुडपे लागतात आणि परत फिरावे लागते.

पाण्यात उतरू नये. हे वाक्य मी सौम्य करणार नाही. विदर्भातले पुष्कळ तलाव नैसर्गिक खोलगटाला मातीची पाळ घालून केलेले आहेत, आणि पाळीलगतच पाणी सर्वांत खोल असते; शिवाय मुरूम-माती काढलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. काठाचा गाळ गुडघ्यापर्यंत धरतो, कमळाचे आणि शिंगाड्याचे वेल पायात अडकतात. विहिरीत किंवा पोहण्याच्या तलावात शिकलेल्याला गाळ आणि वेल यांची सवय नसते. पाय धुवायलाही एकट्याने जाऊ नये. सांडव्यावर शेवाळ असते. तेथे उभे राहून फोटो काढू नयेत.

कोणी पडलेच, तर त्याच्यामागे उडी न मारता दोर, दुपट्टा, लांब फांदी किंवा झाकण घट्ट लावलेली रिकामी मोठी बाटली त्याच्याकडे टाकावी आणि स्वतः काठावर झोपून ओढावे. बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग तीस वेळा छाती दाबणे आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. गटातल्या किमान एकाने याचे प्रशिक्षण घेतलेले असावे.

काठावर लावलेली जाळी आणि डोंगे यांना हात लावू नये. अनेक तलावांतली मासेमारी ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते आणि फाटलेले एक जाळे म्हणजे एका घराची काही दिवसांची मिळकत असते. चूल पेटवू नये. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

*तपासणी:* सुटण्याच्या वेळेआधी पंधरा मिनिटे घड्याळवाल्याने आवाज द्यावा. डोकी मोजावीत, प्रत्येकाकडे किमान एक लिटर पाणी उरले आहे का, ते पाहावे. एखाद्याचे डोके दुखत असेल किंवा तो अडखळत असेल तर त्याला सावलीत ओआरएस देऊन, त्याचे ओझे वाटून घेऊन मगच निघावे.

टप्पा ८: परतीची वाट

आता वहीतल्या नोंदी शेवटून वाचत चालायचे. प्रत्येक फाट्यावर फोटो समोर धरून दृश्य जुळवावे. जुळले नाही तर "पुढे बघू" म्हणू नये. वाट चुकण्याची सुरुवात याच दोन शब्दांनी होते. दहा मिनिटांत अपेक्षित खूण आली नाही, तर शेवटच्या ओळखीच्या फाट्यापर्यंत सर्वांनी मिळून मागे यावे. वाट शोधायला दोघांना वेगळे पाठवू नये.

उताराने नाल्यात शिरून पाण्यामागे जाण्याची युक्ती येथे चालत नाही. नाल्यांत काटेरी जाळ्या आणि पडझड असते, आणि दिवसा सावलीला बसलेले प्राणीही तेथेच असतात. मात्र पाळ घातलेल्या तलावापाशीच वाट हरवली असेल, तर एक जुना आधार उपयोगी पडतो: पाळीतून पाणी सोडण्याची जागा, जिला पूर्व विदर्भात तुडुम म्हणतात, तेथून निघालेला पाट शेतांकडे जातो, आणि शेत आले की माणूस भेटतो.

साप चावल्यास घट्ट बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला अवयव फांदीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठी आणि घड्याळ काढावे, वेळ लिहावी, शक्य तितके न चालवता रुग्णाला उचलून आणावे आणि थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

टप्पा ९: घरी पोहोचल्यावर

गावातल्या माणसाला भेटून आणि घरी फोन करूनच गाडी सुरू करावी. घरी आल्यावर कपडे घरात न पसरवता गरम पाण्यात भिजवावेत आणि साबणाने आंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू आणि कानांमागे गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाहावे. गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तेल किंवा काडीचा चटका देऊ नये.

यानंतरचे तीन आठवडे तापाकडे दुर्लक्ष करू नये. गवतातल्या सूक्ष्म कीटकांच्या अळ्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. ताप, तीव्र डोकेदुखी आणि कधी अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली, अशी त्याची लक्षणे आहेत. वेळेत ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने तो बरा होतो, उशीर झाल्यास जिवावर बेततो. खपली नसली तरी डॉक्टरांना आपण अमुक तारखेला रानात, गवतातून चाललो होतो हे आपणहून सांगावे, कारण शहरातल्या तापाच्या रुग्णाला हा प्रश्न विचारला जाईलच असे नाही.